लाल दोऱ्यांचा हंगाम

विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाला ‘तुमचं काम काय’ असं कुणी सरळ विचारू नये. तो गडबडतो. मला हे माझ्या थोरल्या भावानं विचारलं, आमच्या शेतातल्या आखाड्यावर, बैलांपुढं कडबा टाकता टाकता.

“तू तिथं हैदराबादेत करतूस तरी काय?”

“शिकवतो.”

“किती येळ?”

“दिवसाला दोन तास. कधी तीन.”

त्यानं पेंढी सोडली, बैलांपुढं पसरली, हात झटकले आणि मग म्हणाला, “अन् उरलेला दिस?”

“अभ्यास करतो.”

“आजून?” तो चकितच झाला. “आजून संपला न्हाई व्हय तुझा?”

मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न दातात अडकलेल्या सुपारीसारखा कितीतरी दिवस टोचत राहिला. उरलेल्या दिवसात मी काय करत होतो? विभागाच्या खोलीत बसायचो. कुणाला बढती मिळणार, कोण विलायतेला जाणार, कुणाचा लेख कुठं छापून आला, हे ऐकायचो आणि मनातल्या मनात जळायचो. चार वाजता छत्री उचलून घरी यायचो. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक कुलूप.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं होती हे आता कळतं. तेव्हा ते राज्य सूर्यचंद्र असेतो चालणार असंच वाटायचं. तिकडं युरोपात लढाई पेटलेली होती, आणि तिची झळ आमच्यापर्यंत रॉकेल आणि कागदाच्या टंचाईतून पोचायची. आमचं गाव जिंतूरच्या रस्त्याला, बोरीपासून कोसभर आत. घरात शिकलेला मी पहिलाच. परभणीला उर्दूतून शाळा केली, हैदराबादला उर्दूतून पदव्या घेतल्या आणि तिथंच उर्दूतून वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो. तिथं त्याला नबातियात म्हणायचे. घरी मराठी, वर्गात उर्दू, पुस्तकं इंग्रजी. डोक्यात अशी तीन दुकानं थाटलेली, आणि एका दुकानातला माल दुसऱ्यात मिळायचा नाही. माझं उर्दू व्याकरणाला चोख होतं, पण तोंड उघडलं की आतली परभणी बाहेर पडायची. उत्तरेकडून आलेले सहकारी ऐकून अगदी सभ्यपणे मिशीत हसायचे. विद्यापीठात मुल्की आणि गैरमुल्की असे दोन तट होते, म्हणजे राज्यातले आणि बाहेरून आलेले. मी मुल्की. पण मुल्की मंडळींच्या बैठकीतही मी ‘वो मरहट्टे साहब’च होतो. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

लग्न झालं होतं. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्याला सहा वर्षं झाली होती. दुसरं लग्न कर म्हणणारे सांगून सांगून थकले आणि गप्प बसले. मी सगळ्यांना म्हणायचो, कामात वेळ जातो. हे साफ खोटं होतं. वेळ काही जात नव्हता. तो तसाच उभा असायचा आणि मी त्याच्याकडं पाठ करून बसायचो.

कामाला एक टोक मात्र होतं, ते रीडरच्या जागेचं. विद्यापीठातल्या माणसाचा सगळा जन्म तीन पायऱ्यांचा. लेक्चरर, रीडर, प्रोफेसर. बाहेरच्या जगाला यांतला फरक कळत नाही आणि आतल्यांना दुसरं काही कळत नाही. आमच्या विभागात रीडरची एक जागा रिकामी झाली. उमेदवार दोघं होतो. दुसरा विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला, बोलण्याचालण्यात सफाईदार, माझ्याहून वयानं लहान. आमचे प्रोफेसर लखनौकडचे, मोठे सज्जन माणूस. ते मला म्हणाले, “तुम्ही स्वतःचं असं काहीतरी करून दाखवा. छापता येईल असं. मग मी शब्द टाकतो.” त्यांनी शब्द टाकला की काम व्हायचं.

ती जागा मला हवी होती. किती हवी होती हे आज सांगायला लाज वाटते. सकाळी दाढी करताना मी आरशात रीडर दिसतो का ते बघायचो.

विलायतवाल्याकडं नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. कापूस बघण्यात माझं लहानपण गेलं होतं. भावाच्या शेतातल्या गावरान कापसात काही झाडं निराळी होती. त्यांच्या बोंडातून धागा लांब निघायचा. हे मी सुटीत आलो असताना दोन वर्षं बघत होतो. त्या झाडांचं शुद्ध बी धरायचं, ते पुढच्या वर्षी पेरायचं आणि तोच लांब धागा पुन्हा उतरतो असं दाखवायचं, एवढं जमलं असतं तर त्याचा छापण्याजोगा लेख झाला असता. प्रोफेसरांनी मान डोलावली. मी एका हंगामाची रजा घेतली आणि आषाढात गावी आलो.

घरात भावाची पाच लेकरं, त्यात वहिनीची म्हातारी आई. मी आखाड्यावर राहतो म्हणालो. शेतातल्या वस्तीच्या ठिकाणाला आमच्याकडं आखाडा म्हणतात. एक कुडाची पडवी, बैलांचा गोठा आणि बी-बियाणं ठेवायची पत्र्याची खोली, एवढाच आमचा आखाडा. त्या खोलीत माझी खाट, टेबल आणि पुस्तकं मांडली. शिकलेल्या माणसाला शांतता लागते असं घरच्यांना वाटलं. मलाही तसंच वाटायचं. एकटं राहायची सवय लागली की माणूस तिलाच शांतता म्हणायला लागतो.

आश्विन लागला आणि माझं काम सुरू झालं. कापसाचं बी शुद्ध ठेवायचं तर फुलाला माशी शिवता कामा नये. माशी या झाडाचे पराग त्या झाडावर नेते आणि सगळी सरमिसळ करून ठेवते. म्हणून उद्या सकाळी उमलणारं फूल आज तिसऱ्या प्रहरीच हेरायचं आणि ते गुंडाळलेलं असतानाच त्याच्या टोकाला दोरा बांधायचा. मग ते उमलत नाही, आतल्या आत स्वतःच्याच परागांवर फळतं. दोन दिवसांनी फूल वाळून दोऱ्यासकट गळतं, म्हणून खूण राहावी यासाठी दुसरा दोरा देठाला बांधायचा. ज्या बोंडाच्या देठाला दोरा ते माझं, बाकीची सगळी भावाची. बोरीच्या दुकानातून मी लाल दोऱ्याची डझनभर रिळं आणली होती.

तीस झाडं निवडली होती. रोज दुपार कलली की रीळ गळ्यात अडकवून ओळीत शिरायचो. वाकून एकेक फूल बांधायचो आणि आकडा विसरू नये म्हणून तोंडानं मोजत राहायचो. वही उर्दूत होती, त्यामुळं मोजणंही उर्दूत. इक्यावन, बावन, तिरपन. मधूनच झाडाशीही बोलायचो. एखाद्यावर त्या दिवशी एकही फूल नसलं तर म्हणायचो, “काय, आज सुट्टी वाटतं?” मला वाटायचं, हे कुणाला ऐकू जात नाही. खरं सांगायचं तर दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. भाऊ सकाळी यायचा, बैल सोडायचा, “जेवलास का?” विचारायचा आणि औताला निघून जायचा. दुपारी वहिनी भाकरी घेऊन यायची. मग संध्याकाळपर्यंत मी आणि कापूस.

त्या दिवसांत सात-आठ बाया शेवटच्या निंदणीला यायच्या. वहिनीही त्यांच्यात असायची. मी ओळीत शिरलो की त्यांची गाणी थांबायची. पदर पुढं यायचे, “साहेब आले” अशी कुजबूज व्हायची. मी निघून गेलो की परत हसण्याचा आवाज यायचा. मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटायचं. पण काय बोलणार? विभागाच्या खोलीतलं बोलणं इथं चालणारं नव्हतं, आणि इथलं बोलणं मी विसरून बसलो होतो.

वहिनी वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि नात्यानं मोठी. दोन्हींचा फायदा घेऊन ती माझी चेष्टा करायची. एका दुपारी भाकरीचं फडकं सोडता सोडता तिनं विचारलं, “भावजी, झाडाला ह्ये दोरे कशाचे हो बांधायलात?”

माझ्या हातात पुस्तक होतं. सांगावं असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, पराग म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल. हिला ते कशाला? मी पुस्तकातून मान न काढता म्हणालो, “चांगल्यासाठीच आहेत. कुणी हात लावू नका म्हणजे झालं.”

“न्हाई बा,” ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, “असल्याला हात कोण लावंल?” आणि झाडांच्या दिशेनं तिनं हात जोडल्यासारखं केलं. मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टाच चाललीय.

घटकाभरात सांगून झालं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी तेच दर साली फळ्यावर फूल काढून सांगत होतो, आणि वर परीक्षेत विचारत होतो. माझं पोट समजावून सांगण्यावर चाललं होतं. त्या दुपारी एका माणसानं आपण होऊन विचारलं, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आला.

कार्तिकात आठ दिवसांसाठी परभणीला गेलो. तिथल्या सरकारी फार्मवर कापसाचा धागा मोजायची सोय होती, ती पद्धत मला शिकून घ्यायची होती. आखाड्याच्या खोलीची किल्ली वहिनीकडं दिली. परभणीत स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. दिवसभर फार्मवर काढायचा आणि संध्याकाळी फलाटावर जाऊन बसायचं. हैदराबादची गाडी यायची, माणसं उतरायची, माणसं चढायची, गाडी जायची. मला कुणाला आणायचं नव्हतं की पोचवायचं नव्हतं. पाचव्या दिवशी स्टेशनातल्या हमालानं आपुलकीनं विचारलं, “कोन आनेवाला है, साब?” मी म्हणालो, “आयेंगे एक साहब.” त्यानंतर फलाटावर जाणं बंद केलं.

परत आलो तर वेचणी सुरू झाली होती. माझ्या झाडांना मीच हात लावणार असं भावाला सांगून ठेवलेलं होतं, त्याप्रमाणं ती झाडं तशीच ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वही, पिशव्या आणि शिसपेन्सिल घेऊन मी ओळीत शिरलो. बोंडं उकलून पांढरी झाली होती आणि देठादेठाला लाल दोरे दिसत होते. मला इतका आनंद झाला की मी चक्क शीळ घातली.

पहिल्या झाडावर वहीप्रमाणं अकरा दोरे हवे होते. भरले एकोणीस.

मोजायला चुकलो असेन म्हणून परत मोजले. एकोणीसच. दुसऱ्या झाडावर नऊ हवे होते, भरले सोळा. आता वाटलं, वहीतच चूक झाली असेल. आपलंच डोकं ठिकाणावर नाही. तिसरं झाड, चौथं झाड. पाचव्या झाडाशी मी मोजणं सोडलं.

गाठी बघितल्या. दोन फेरे आणि एक फास, ही माझी गाठ. सगळ्या गाठी तशाच होत्या. दोरा तोच, रंग तोच. माझी बोंडं आणि माशीनं शिवलेली बोंडं एकाच कुंकवाच्या सवाष्णी होऊन उभी होती, आणि त्यांतली कोणती कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. बी मिसळलं होतं. वर्ष गेलं होतं, आणि वर्षाबरोबर जागाही.

बाया ओटी बांधून पलीकडच्या ओळींत वेचत होत्या. मी ओरडलो, “हे कुणी केलं?” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. वर्गातही मी कधी इतक्या मोठ्यानं बोललो नव्हतो.

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. वहिनी मात्र हसत हसत पुढं आली. “कळलं व्हय तुमाला? म्या म्हणलं, ह्यांच्या ध्यानात यायचं न्हाई.” मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, “तुमच्या दोऱ्याला हात न्हाई लावला बरं आमी. तुमी परभणीला व्हता तवा नुसते आमचे बांधले. रीळ तुमचंच घेतलं. नवसाला दोरा येकच असावा म्हून.”

“कसला नवस?”

“आता ते तुमालाच ठावं. असलं कुणी इचारतं का?”

आमच्या गावाबाहेर एक दर्गा आहे. त्याच्या आवारातल्या कडुलिंबाला हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच नवसाचे दोरे बांधतात. सहा वर्षं विधुर असलेला माणूस रोज तिसऱ्या प्रहरी, तोंडानं पुटपुटत, वाकून वाकून झाडांना लाल दोरे बांधतो, आणि विचारलं तर ‘चांगल्यासाठी आहेत, हात लावू नका’ म्हणतो. यातून त्या बायांनी दुसरा काय अर्थ काढायचा होता?

“येकट्याचा नवस पावाया लय दिस लागत्यात,” वहिनी म्हणाली. “म्हणलं, समद्या मिळून मागू. तुमची गाठ बघून तशीच शिकून घेतली. दोन दिस लागले.”

“आणि तुम्ही मागितलं काय?”

वहिनी लाजली. तिच्या मागं उभ्या असलेल्या, केस पिकलेल्या एका बाईनं उत्तर दिलं. “दुसरं काय मागणार, साहेब? ह्या लेकराला बोलाया कुणीतरी भेटू दे म्हणलं. झाडासंगं बोलायची पाळी नगं यायला.”

दोघी-तिघी पदराआड हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. दोन्हींपैकी काहीच बाहेर काढायची सवय राहिली नव्हती. आईच्या माघारी मला कुणी लेकरू म्हटलं नव्हतं. मी वही मिटली.

“चुकलं का काय आमचं?” वहिनीनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “वेचा तुम्ही.”

तेव्हाही सांगितलं नाही. संध्याकाळी भावाला तेवढं सगळं सांगितलं. फूल, माशी, बी, रीडरची जागा. त्याला सांगायला खरोखर घटकाभरच लागली, आणि त्याला सगळं समजलं. तो बराच वेळ माती उकरत बसला. मग म्हणाला, “तिला नगो सांगू. जिवाला लावून घेईल ती. तिनं तुझ्यासाठी तीन सोमवार उपास बी धरले हायेत.”

त्या रात्री नाही, पण पुढचा आठवडाभर एक विचार येत-जात होता. बघायला कोण येणार आहे? दोऱ्याची सगळी बोंडं माझीच असं धरून सरकीच्या पुड्या बांधायच्या, लेख लिहायचा आणि मोकळं व्हायचं. आमच्या धंद्यात असं करणारे मी पाहिले होते, आणि ते सुखानं प्रोफेसर होऊन निवृत्त झाले होते. मी ते केलं नाही. इतका प्रामाणिक मी होतो आणि त्याचा मला गर्व होता. एका दारात असा गर्वानं पहारा करत बसलं की माणूस दुसऱ्या दारातून घसरतो.

प्रोफेसरांना अहवाल द्यायचा होता. त्यात शेवटचा रकाना नुकसानीच्या कारणाचा. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: ‘दोष माझा. शेतात काम करणाऱ्यांना या खुणांचा उद्देश त्यांनी विचारूनही मी समजावून सांगितला नाही.’ वाचून बघितलं. याला शिकवता येत नाही असं शिकवणाऱ्यानंच सही करून दिल्यासारखं दिसत होतं. विलायतवाल्याला आयतंच कोलीत मिळालं असतं. तो कागद फाडला. दुसऱ्या मसुद्यात कारणच लिहिलं नाही. तेही बरं दिसेना. तिसऱ्यात एकच वाक्य लिहिलं, उर्दूत, आणि ते चांगलं उतरलं. ‘जाहिल मजूर बायकांच्या खुळ्या समजुतीमुळे सर्व खुणा नष्ट झाल्या.’ जाहिल म्हणजे अडाणी. लिहिताना हात अडखळला नाही. त्या मजूर बायकांपैकी एक त्या जमिनीची मालकीण होती आणि माझ्यासाठी उपाशी राहिली होती, हे रकान्यात मावणारं नव्हतं.

पौषात प्रोफेसर फार्म बघायला परभणीला येणार आणि मला भेटणार असं पत्र आलं. भावानं घरी सांगितलं असावं. वहिनीचा निरोप आला, तुमच्या मोठ्या साहेबांचं जेवण मी धाडते, बाजारचं काही आणू नका. मी नको म्हणालो. ती ऐकणारी नव्हती.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात दुपारी आम्ही तिघं बसलो होतो. प्रोफेसर, फार्मचे अधिकारी आणि मी. भाऊ सकाळच्या मोटरीनं बोरीहून आला होता. डोक्यावर टोपली, अंगावर धुतलेला सदरा, नवा पटका. टोपलीत धपाटे, ठेचा, गाडग्यात घट्ट दही आणि संक्रांत जवळ आली म्हणून तिळाच्या पोळ्या. त्यानं टोपली टेबलावर ठेवली, प्रोफेसरांना वाकून सलाम केला आणि पायरीवर जाऊन बसला. हा माझा भाऊ, हे मी सांगायला हवं होतं. आता सांगू, मग सांगू असं करता करता प्रोफेसरांनी अहवाल हातात घेतला.

ते शेवटच्या रकान्यापर्यंत आले आणि मोठ्यानं हसले. “वाह! सुनिए, सुनिए.” त्यांनी ते वाक्य फार्मच्या अधिकाऱ्यांना वाचून दाखवलं, आणि सगळी हकीकत माझ्या तोंडून ऐकून घेतली. मी सांगितली. बारीकसारीक तपशिलासकट, रंगवून सांगितली. माझं उर्दू त्या दिवशी कुठंही अडखळलं नाही. अधिकारी डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसलो.

मग प्रोफेसर गंभीर झाले. “तुम्ही नुकसान लपवलं नाहीत. दुसऱ्या कुणी आकडे दडपून दिले असते. विद्यापीठाला अशा सचोटीच्या माणसांची गरज आहे. मी लिहितो. जागा तुमचीच समजा.” त्यांचे शब्द मनापासूनचे होते. मी उठून त्यांना सलाम केला. ज्या वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते ऐकत असताना मला पायरीकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

प्रोफेसरांनी दुसरा धपाटा घेतला, दह्यात बुडवला, डोळे मिटून खाल्ला. “क्या चीज़ है! ये किसके हाथ का है?”

“एक औरत है, साहब,” मी म्हणालो. “खेत पर काम करती है.”

“उसे हमारा शुक्रिया कहिएगा.”

“जी.”

जिंतूरच्या बाजारात भावाचा सगळा व्यवहार मुसलमान व्यापाऱ्यांशी, त्यांच्याच बोलीत चालायचा. सगळं त्याला कळलं होतं, पहिल्या हसण्यापासून. तो उठला. रिकामं गाडगं टोपलीत ठेवलं, फडक्याची घडी केली. मी त्याच्या मागोमाग पायऱ्या उतरलो.

“थांब की, दादा. मोटरीला अजून वेळ आहे.”

त्यानं टोपली डोक्यावर घेतली आणि पटका सारखा केला. माझ्याकडं बघितलंही नाही असं नाही. बघितलं, आणि वाकून सलाम केला, मघाशी प्रोफेसरांना केला होता तसाच.

“येतो, साहेब,” तो म्हणाला आणि फाटकाकडं चालू लागला.